तीन शंका आणि एक सही

दिल्लीच्या करोल बागेत आमच्या वरच्या मजल्यावर अलकनंदा राहते. एका मंत्रालयाच्या वित्त शाखेत ती सेक्शन ऑफिसर आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. मी हयातभर रंगमंचावर राजे केले, सरदार केले, दाढी लावून खलनायकही केले. अवघड शब्द पुष्कळ पेलले. पण एकच शब्द इतक्या जपून वापरणारी बाई मी कुठल्या नाटकात पाहिली नाही.

तो शब्द इंग्रजी. कन्कर.

नवरा गेला तेव्हा तिची रेवती दोन वर्षांची होती. त्याच्याच खात्यात हिला कारकुनाची जागा मिळाली. पहिल्याच महिन्यात एका टिपणीखाली तिने ‘कन्कर’च्या जागी ‘अ‍ॅग्री’ टाइप केलं. अर्थ तोच ना! तिचे साहेब अविनाश रागावले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवलं.

“बाई, अ‍ॅग्री म्हणजे तुमचं म्हणणं मला पटलं. बस. आपण वित्तवाले कन्कर लिहितो, तेव्हा कागद आपण स्वतः तपासलेला असतो. उद्या कुणी जाब विचारला, तर कागद पाठवणाऱ्याच्या शेजारी आपणही उभे.”

हे तिने इतकं मनावर घेतलं, की घरातसुद्धा पटकन ‘हो’ म्हणणं संपलं. शाळेच्या सहलीला जाऊ का, म्हटलं की बस कुणाची, सोबत कोण, डबा कोणता. रेवती वैतागायची, “यार आई, तू घरी पण ऑफिसच आहेस!”

हीच रेवती आता मानेसरच्या एका कारखान्यात मोटारींच्या दिव्यांचं काम करते आणि रविवारी आमच्या मंडळाच्या नाटकांना प्रकाश देते. तो नाद मीच लावला, हे कबूल. यंदा ऑगस्टमध्ये एका नाट्यसंस्थेने तिला पूर्ण वेळ प्रकाशयोजनेसाठी बोलावलं. उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. पक्की नोकरी सोडायची, म्हणजे आईला विचारणं आलं.

“आजोबा, तोंडी विचारलं तर माझी उलटतपासणी होईल.”

“मग लेखी विचार,” मी मोठ्या रुबाबात म्हणालो.

पोरीने खरोखरच फाइल केली. पुठ्ठ्याचं कव्हर, हिरवी नाडी, परिच्छेदांना क्रमांक. शेवटची ओळ होती, ‘मातोश्रींनी कृपया कन्कर करावे.’ आणि ती आईच्या उशाशी ठेवून दिली.

नवव्या दिवशी फाइल परत आली. समासात तीन शंका. आजारपणाची सोय काय? तालीम लांबली तर घरी कशी येणार? नाटकातला दिवा मोटारीच्या दिव्याहून वेगळा कसा, ते प्रत्यक्ष दाखवावे. कन्करचा पत्ता नाही.

रेवती फाइल घेऊन माझ्याकडे आली. डोळे भरलेले.

“संपलं, आजोबा. आईने नाही म्हटलंय. फक्त सरकारी भाषेत.”

मलाही तसंच वाटलं. नाटकवाल्यांना नकार असाच येतो, गोड आणि लांबलचक. तिने संस्थेला निरोप लिहिला, ‘मला जमणार नाही.’ पाठवायला अंगठा उचलला, तेवढ्यात दारात अलकनंदा. गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड.

“काय पाठवतेस?”

रेवतीने मोबाइलच पुढे केला. वाचून अलकनंदा खुर्चीत बसली.

“अगं वेडे, नाहीच म्हणायचं असतं तर शंका कशाला काढल्या असत्या? एका ओळीत परत केली असती. शंका काढल्या, म्हणजे कागद पुढे न्यायचाय!” मग माझ्याकडे वळली. “आणि काका, तुम्ही? इतकी वर्षं शेजारी राहून?”

“मी टाळ्यांवर वाढलेला माणूस गं,” मी म्हणालो. “मला समास कळत नाही.”

निरोप पुसला गेला. पहिल्या दोन शंकांची उत्तरं रेवतीने तिथेच लिहिली. तिसरीसाठी रविवारी अलकनंदा मंडळाच्या सभागृहात आली. पर्स मांडीवर, फाइल पर्सवर.

रंगमंचावर एक रिकामी खुर्ची होती. रेवतीने तिच्यावर दुपार पाडली. मग हळूहळू संध्याकाळ केली. खुर्ची तीच, पण तिच्यावरून कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटायला लागलं.



“पुन्हा संध्याकाळ कर,” अलकनंदा म्हणाली.

रेवतीने पुन्हा केली. मग अलकनंदाने पेन काढलं, त्याच उजेडात ‘कन्कर’ लिहिलं, खाली सही, सहीखाली तारीख.

चार दिवसांनी नाशिकहून तिच्या दिरांचा, भाऊसाहेबांचा फोन आला. मी आणि रेवती तिथेच चहा पीत होतो. तिने स्पीकर लावला.

“वहिनी, पोरीने हट्ट केला आणि तुम्ही हो म्हणालात?”

“नुसतं हो नाही, भाऊसाहेब. कागद वाचलाय, जागेवर जाऊन पाहिलंय. काही चुकलं तर तिला एकटीला बोलायचं नाही. सही माझी आहे.”

 आमच्या धंद्यात असं वाक्य मिळवायला आयुष्य जातं.

पलीकडे भाऊसाहेबांनी घसा खाकरला. “पहिला प्रयोग कधी आहे? सुरू किती वाजता? आणि उतरायचं कुठल्या मेट्रो स्टेशनला?”

अलकनंदाने फोनवर हात ठेवला आणि रेवतीकडे पाहून हसली.

“शंका काढतायत. येणार ते.”