पूजेतून पडलेली लेन्स

आमच्या घरी दसऱ्याला हत्यारं पूजेला बसतात. बसतात म्हणजे बसतातच. दुसऱ्या दिवशी आई त्यांच्यावर अक्षता टाकून त्यांना हलवत नाही तोवर कोणी हात लावायचा नाही. बाबा अंबरनाथला एका कंपनीत फिटर, त्यामुळे त्यांची हातोडी, पक्कड, पाने ही पाटावरची वरिष्ठ मंडळी. त्यांच्यामागे आईची विळी आणि कात्री. गाडीचीही पूजा व्हायची, पण तिला मात्र उठायची मुभा, कारण बाबांना पान खायला जायचं असायचं. नियम आईचे, सवलती बाबांच्या.

त्या वर्षी पाटावर माझा कॅमेराही बसला. सेकंडहँड डिजिटल, आणि त्याला एकुलती एक लेन्स. कंपनीत न लागता फोटोग्राफी करणार म्हटल्यावर बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी तह झाला. दिवाळीपर्यंत स्वतःच्या बळावर एक तरी ऑर्डर मिळवून ती धड पार पाडायची, नाहीतर गुपचूप कंपनीत. बाबांना माझ्या यशाची इतकी खात्री, की त्यांनी साहेबांकडे माझ्या सेफ्टी शूजचं मापही देऊन ठेवलं होतं. आणि मला ऑर्डर मिळाली होती! त्याच दसऱ्याच्या संध्याकाळी, अंबरनाथच्या एका हॉलमध्ये साखरपुडा.

मी आईला बजावलं होतं, "कॅमेऱ्याला लांबूनच नमस्कार कर." पण ऐकेल ती आई कसली? तिने त्याला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आरती झाली. मग तिला तो हार डावीकडे जरा जास्त लोंबतोय असं वाटलं. मुंग्या नकोत म्हणून पाट यंदा टेबलावर मांडला होता. तिने हार ओढला, हारात कॅमेऱ्याचा पट्टा अडकलेला, आणि माझं करिअर तोंडावर फरशीवर आपटलं.

"अगं बाई!" म्हणत ती आधी कॅमेऱ्याच्या पाया पडली. कॅमेऱ्याचे पाय कुठे असतात हे तिला कसं कळलं, देव जाणे.

लेन्सच्या पुढच्या टोकाला आटे असलेली एक पातळ कडा असते, फिल्टर त्यात फिरवून बसवतात. ती कडा एका बाजूने चेपून आत आली होती. फिल्टरची काच तडकली होती आणि फिल्टर असा अडकला होता, की उलटा फिरेना, सुलटा फिरेना. मी डोळा लावून पाहिलं. आईचं नाक दोन ठिकाणी दिसलं. नवरीचं असं नाक काढलं असतं तर मुलाकडच्यांनी तिथल्या तिथे सोयरीक मोडली असती.

"पक्कड द्या," मी म्हणालो.

"पूजेतली? हात तर लावून बघ!" आई म्हणाली.

"मग कॅमेरा कसा चालतो तुला?"

"तो स्वतःहून खाली उतरला. तो उठला."

"उतरला? तू ओढलास त्याला!"

"हे बघा," पेपरच्या आडून बाबा म्हणाले, "कंपनीत असं काही पडत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाडी काढली, तिचा हार फडफडवत उल्हासनगरला गेलो. तिथे कॅम्प नंबर एकमध्ये एक सिंधी काका कॅमेरे दुरुस्त करायचे. दुकान उघडं पाहून मला केवढा आनंद झाला! आत गेलो तर काउंटरवर लाल कापड, कापडावर रांगेने छोटे छोटे स्क्रू ड्रायव्हर, आणि प्रत्येकाच्या मुठीवर एकेक झेंडू.

"पुट, बेटा, आज औजार आराम पे हैं," काका म्हणाले. "कल आ जा."

"काका, संध्याकाळी ऑर्डर आहे हो!"

"तो ये ले, बर्फी खा."

बर्फी खाल्ली. करणार काय? परत येताना दोन लेथवाल्यांकडे डोकावलो. मशिनी हार घालून नवरदेवासारख्या बसलेल्या, मालक जेवायला गेलेले. आख्ख्या परिसरात त्या दिवशी कामावर होतो तो मी एकटा, आणि मला हत्यार मिळत नव्हतं.

घरी आलो तर आईने तोंडात पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. तिच्या हातून झालं याचं तिला फार लागलं होतं, पण कबूल कोण करणार? तिने स्वयंपाकघरातून सांडशी आणून माझ्यापुढे आपटली. "ही पूजेत नाही. हिने कर." पातेली उतरवायची सांडशी ती. तिच्यात मी फिल्टर धरला, की ती सटकायची. सटकली, की आई "रामा!" म्हणायची. पुन्हा धरायचो, पुन्हा रामा.

बाबांचा पेपर हळूहळू खाली येत होता.

"दात लागतील. मध्ये फडकं घे."

घेतलं.

"फिरवू नकोस. फिल्टरची कड आत दुमड."

"तुम्हीच करा ना मग! उंटावरून शेळ्या कशाला हाकताय?"

"मला काय पडलंय?" असं म्हणून त्यांनी पेपराची घडी घातली. "मी पान खाऊन येतो."

आमचं दार उजवीकडे आणि पूजेचं टेबल डावीकडे. बाबा दाराकडे निघाले ते डावीकडून. टेबलाशी आल्यावर त्यांचा तोल गेला, म्हणजे असं त्यांचं म्हणणं. कमरेचा असा सणसणीत धक्का बसला, की हातोडी आणि पक्कड दोघी खणखणत फरशीवर आल्या. विळी मात्र जागची हलली नाही. तिच्यावर त्यांचा रोख नव्हता.

आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"उतरल्या," बाबा म्हणाले.

"अहो, देवाधर्माच्या दिवशी लाज नाही वाटत?"

"मला काय विचारतेस? हातोडीला विचार."

आईने पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतेय. हसत होती.

मग बाबा मांडी घालून बसले. लेन्स पालथी धरायला लावली, म्हणजे काच पेपरावर पडेल. पकडीला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली आणि फिल्टरची कड जरा जरा आत दुमडत नेली. तडकलेली काच खाली आली, मागोमाग फिल्टर सुटला. आता राहिला लेन्सच्या कडेचा पोचा. "आतून गोल लाकूड लागेल," ते म्हणाले, आणि आईने न विचारता लाटणं आणून दिलं. लाटणं कडेला आतून टेकवायचं आणि लाटण्यावर हातोडीने टिचक्या मारायच्या. लेन्स आईच्या मांडीवर, टॉवेलात, बाळासारखी, आणि वरून मी धरलेली. "हळू हो, हळू," असं ती हातोडीला सांगत होती.

मला राहवलं नाही. "बाबा, हे नीट झालं तर मी कंपनीत येणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"लेन्स हलवू नकोस," ते म्हणाले.

कडा सरळ झाली. गोल म्हणजे बाबांनी थापलेली भाकरी असते तितपत गोल, नवा फिल्टर तिच्यावर जन्मात बसला नसता. पण डोळा लावला तर आईला एकच नाक होतं. मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, "सोड, पुऱ्या तळायच्यात."

संध्याकाळी मी निघालो तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीशी उभे. "पोचा परत आला तर?" म्हणाले. धातूचा पोचा परत येत नाही, हे फिटरला मी काय सांगणार? बसा म्हटलं.

हॉलमध्ये अंगठ्या घालायची वेळ आली. मी गुडघ्यावर बसून फोकस लावत होतो आणि बाबा माझ्या पाठीशी उभे राहून लोकांना "जरा बाजूला, जरा बाजूला" करत होते. पेढ्यांचं ताट घेऊन फिरणाऱ्या एका काकूंना हा माणूस कोण ते काही कळेना.

"तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" त्यांनी विचारलं.

बाबांनी शर्ट खाली ओढून नीट केला.

"आम्ही फोटोग्राफरकडचे," ते म्हणाले आणि दोन पेढे उचलले.