उघडी किटली

पंचाण्णवच्या सुमारास मी शाळेत जायला बिनगिअरची स्कूटर घेतली आणि पहिल्याच फेरीत सौभाग्यवतींना सुप्याच्या वळणावर बाभळीत बसवलं. "पुन्हा तुमच्या मागं बसायची ती मी नव्हे," असं म्हणून त्या माहेरी पारनेरला एस.टी.नं जाऊ लागल्या. मी एकटाच स्कूटर फिरवायचो; मागची गादी नवीच राहिली.

त्याच रस्त्यावर रोज एक दूधवाला मोपेडवरून जायचा. दोन्ही बाजूंना कॅन, डोक्याला मफलर आणि चेहऱ्यावर अक्षता घेऊन उभ्या असलेल्या वरबापाची शांतता. एकदा थांबवून मी गाडी अशी अलगद चालवायची युक्ती विचारली. त्यानं झाकण काढून दाखवलं. दूध काठोकाठ होतं.

"गुरुजी, लांबून म्हैस दिसली की तवाच मुठीवरला हात सैल सोडायचा. म्हशीपाशी जाऊन बिरेक दाबला, की दूध अंगावर. उद्यापास्नं डेरीतनं उघडी किटली आना."

मी किटली हँडलखालच्या आकड्याला लटकवू लागलो. आठवडाभर घरात कोरा चहा. वाटेत तो माझ्या तोंडाकडे न बघता दुधानं भिजलेल्या गुडघ्यांकडे बघायचा. "आज निम्मं पोचल, व्हय?"

महिन्यानं किटली काठोकाठ घरी आली. सौभाग्यवतींनी पाणी घातल्याच्या संशयानं दूध चाखलं आणि मग पदर खोचून मागे बसल्या. भरलेली किटली मांडीवर, उघडीच.

बाभळीच्या वळणावर तो समोरून आला. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. सौभाग्यवतींची साडी कोरडी आहे, एवढं पाहून मान डोलावली आणि निघून गेला.