आत्याची मोहफुलं

मोहाचं नाव काढलं की लोक डोळे मिचकावतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, फूल आहे ते! फाल्गुन सरता सरता झाडाची पानं गळतात आणि पहाटे खाली पांढुरकी, रसाळ फुलं टपटप पडू लागतात. माझी आत्या पारशिवनीच्या पुढच्या एका खेड्यात राहायची. झाडाखालचा पाला आधी जाळून ती जमीन साफ करायची, उजाडायच्या आत टोपलीभर फुलं वेचायची, अंगणात वाळवायची आणि दरवर्षी त्यांचं एक गाठोडं एसटीनं आमच्याकडे नागपूरला आणायची. मग ती आणि माझी माय फुलं भाजून, जवस घालून कुटायच्या आणि लाडू वळायच्या. भावाच्या दारात रिकाम्या हातानं यायला तिला आवडत नसे, आणि आणण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

बाबा ते लाडू आवडीनं खायचे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते सोयीस्करपणे विसरले.

मी चौथीत होते. त्या वर्षी बाबा वस्तीतल्या दारूबंदीच्या कामात पुढे झाले होते. ते काम चांगलंच होतं. त्यांचे वडील मोहाची दारू पिऊन पिऊन गेले, तेव्हा त्यांची चीड मला समजते. आत्या आली तेव्हा नळावर बायांची रांग होती, बाबा दारात उभे होते. गाठोड्याचा वास सुटला आणि शेजारचा एक माणूस हसून म्हणाला, "काय गा भाऊ, आता घरीच भट्टी का?"

झालं. एवढ्याशा थट्टेनं बाबांचं तोंड उतरलं.

"बाई, हे काय घेऊन आली तू?" ते मोठ्या बहिणीवर ओरडले.

"दरसालचीच फुलं हायेत गा."

"दारूचा माल हाय हा! मी लोकायले काय तोंड दाखवू?"

"मी कधी दारू काढली का? तुह्यासंगच धम्माची दीक्षा घेतली ना मी, दारूले न शिवायची?" आत्या म्हणाली.

बाबांनी गाठोडं हिसकावलं, सोडलं आणि सगळ्यांदेखत नालीत उपडं केलं. ज्या माणसानं टोमणा मारला, त्याला एक शब्द बोलले नाहीत. बहिणीवर राग काढणं सोपं होतं.

थोडी फुलं पायरीवर सांडली होती. मी ती मूठभर उचलली, तोंडात कोंबली आणि बाबांसमोर उभं राहून कचाकचा चावली. "पाहा, चढली का मले? घ्या वास! घ्या!"

बाबांनी हात उगारला. आत्या मधे आली. "पोरीले हात लावू नको. माह्यासाठी भांडून राहिली ते." मग तिनं गाठोड्याचं फडकं नळावर धुतलं, बाबांकडे पाहत बराच वेळ पिळलं, काखेत मारलं आणि न जेवताच दुपारच्या बसनं परत गेली. मायनं हात जोडले तरी थांबली नाही.

त्यानंतर ती लग्नाकार्याला आली, बारशाला आली, पण फुलांच्या दिवसांत कधीच नाही. आली तरी मुक्कामाला राहत नसे. बाबा म्हणायचे, बाई मुळातच रागीट आहे. हे ऐकलं की मी ताटावरून उठायची.

मी नोकरीला लागले त्या सुमारास आत्या गेली, ऐन चैत्रात. मातीला आम्ही तिच्या गावी गेलो. स्मशानातून परत आल्यावर सगळी माणसं तिच्या अंगणात बसली होती. घरामागच्या मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. त्या वर्षी पाला जाळायला कुणी नव्हतं, म्हणून फुलं वाळक्या पानांत अडकली होती. बाबा उठले, झाडाखाली उकिडवे बसले आणि पानं बाजूला सारत एकेक फूल रुमालात वेचू लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, लोकं पाहून राहिले. फेका ते."

त्यांनी मान वर केली नाही. "पाहू दे," म्हणाले आणि वेचत राहिले. हेच दोन शब्द ऐकायला आत्या त्या दिवशी नळापाशी फडकं पिळत किती वेळ उभी होती.