पाठीला लावलेली खोड

गडचिरोलीच्या दवाखान्यात फिजिओथेरपीवाली पोरगी मला बसायला शिकवत होती. पन्नाशीत! खांदे मागे, हनुवटी थोडी आत, कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर. मग तिनं विचारलं, ताई, असं पोक काढून बसायची सवय कधीपासूनची? मी म्हटलं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरमुळं. खोटं बोलले. खरं सांगत बसले असते तर बाकीच्या पेशंटांचा नंबर संध्याकाळपर्यंत लागला नसता.

लहानपणी माझ्याइतकं ताठ आमच्या मोहल्ल्यात कोणी बसत नव्हतं. बाबा मास्तर. त्यांच्या वडिलांचा जन्म गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या अंगणात उकिडवं बसण्यात गेला, खुर्ची काही त्यांच्या नशिबी आली नाही. म्हणून नोकरी लागल्यावर बाबांनी पहिली वस्तू केली ती आलापल्लीच्या सागवानाची, सरळ पाठीची खुर्ची. तिच्यावर बसवून आम्हा भावंडांचा अभ्यास घ्यायचे. जरा वाकलं की पाठीवर त्यांचा तळहात यायचा. "आपले वाकून बसाचे दिवस गेले," म्हणायचे. भाऊ सारखा चुळबुळ करायचा, मी तासभर हलत नव्हते. कोणी घरी आलं की बाबा मला दाखवायचे, पाहा, माही पोरगी कशी बसते. मला वाटायचं, ही खुर्ची माझीच आहे.

मग मी वाढले, आणि उंचीनं जरा जास्तच वाढले. पाहायला आलेला मुलगा नोकरीवाला, माणसं चांगली, फक्त तो माझ्यापेक्षा चार बोटं बुटका. मी पोह्यांचा ट्रे उचलला तेव्हा बाबा स्वयंपाकघरात आले. आईनं सांगितलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं, आयांचं कामच ते. पण बाबाच खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, थोडं पोक काढून बसजो. उंची दिसते."

बसले. लग्न जमलं. फोटोत वाकले, सासरी वाकले, गाडीवर नवऱ्याच्या मागं बसतानाही वाकले. नवरा माणूस वाईट नाही. वाक असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि सरळ बस असंही कधी म्हणाले नाहीत. बाबांचं ते ताठ बसणं पोरासाठी होतं, मला नुसतं लग्नापर्यंत वापरायला दिलं होतं. खुर्चीसुद्धा आता भावाच्याच घरी आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ही खोड माझी नव्हती हो, लावलेली होती. याचा मला अजून राग येतो. चहाचा कप धरताना बाबांचे हात थरथरतात, ते पाहूनही येतो.

परवा माझ्या लेकीला पाहायला लोक आले. लेक माझ्यासारखीच उंच, स्वतः कमावणारी. मुलगा आला तो बुटकाच, म्हणजे आली का पुन्हा पंचाईत! बाबा आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. त्यांना मी सकाळीच बजावलं होतं की माझ्या पोरीच्या बसण्याबद्दल एक शब्द काढलात तर पाहुण्यांसमोर मी सगळं बोलून टाकीन. त्यांनी नुसती मान हलवली, आणि शब्दही पाळला. मी फिजिओथेरपीवालीनं शिकवलं तशी खांदे मागे घेऊन बसले. कंबर ठणकत होती तरी हलले नाही. लेकीनं एकदा माझ्याकडं पाहावं, एवढंच मनात होतं.

ती आली. मुलाकडं एकदा पाहिलं, खुर्चीत बसली, आणि कोणी काही न सांगता तिचे खांदे पुढं आले, मान खाली गेली. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही.

पाहुणे गेल्यावर ती कप गोळा करत होती. मी तिचं मनगट धरलं.

"काऊन वाकून बसली? कोणी सांगतलं तुले?"

तिला माझ्या रागाचं नवलच वाटलं.

"कोणी नाई सांगतलं," ती म्हणाली. "तू बसते तशीच तर बसली."