राजाबाईचा राग

सासू बानाबाई राजाबाईला नावानं हाक मारतच नसे. "ए म्हशी, ऊठ," एवढंच. उन्हाळ्यातही राजाबाई घोंगडी पांघरून बसायची. तोंड सुजलेलं, भुवया झडलेल्या, आवाज घोगरा. घागर उचलायची तर आधी दम खायची. मेंढरांमागं चालणं दूरच. पाळी तर बाळंतपणानंतर परत आलीच नाही. नवऱ्यानं, सूर्यभाननं, दुसरी बायको करून आणली आणि राजाबाई त्याच घरात शेणगोठ्याला उरली. तिला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढंही त्राण तिच्यात नव्हतं.

याची सुरुवात झाली होती तिच्या बाळंतपणात. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता तेव्हा. गावातल्या पोरांनी दलितवस्तीला आग लावली, त्या घोळक्यात सूर्यभानही होता. वस्तीतली माणसं जीव घेऊन शहराकडं पळाली. त्यांच्याबरोबर मुक्ताबाई सुईणही गेली. गावातली निम्मी लेकरं तिच्याच हातावर जन्मली होती, पेटवणाऱ्यांतलीसुद्धा. दुसऱ्याच दिवशी राजाबाईला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. दवाखान्याकडं बैलगाडी निघाली तर रस्त्यावर याच पोरांनी झाडं आडवी टाकलेली. गाडी परत फिरली. राजाबाई कशीबशी जगली, पण पान्हा फुटलाच नाही. शेळीच्या दुधावर ठेवलेली पोर हगवणीनं गेली, तेव्हा बानाबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हिच्या छातीत दूध नाय आन् काळीज बी नाय!"

पुढं वाळूजला कारखाने उभे राहिले. राजाबाईचा भाऊ मल्हारराव तिथं कामाला लागला. एका हिवाळ्यात तो बहिणीला चार दिवस माहेरपणाला घेऊन आला, आणि त्याच वेळी वसाहतीत तापाची साथ आली. घरोघरी खोकला. मल्हाररावाची लेकरं आठवड्यात उड्या मारायला लागली. राजाबाईच्या मात्र छातीत कफ भरला, धाप लागली. भावानं तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सलाईन चाललं, ऑक्सिजन चालला, तरी रक्तदाब खालीच. वॉर्डात त्याच तापाचे म्हातारे उठून बसत होते आणि ही ऐन पस्तिशीतली बाई विझत चालली होती.

डॉक्टर अनसूया तिथं नव्यानं लागल्या होत्या. त्यांनी तिच्या भुवया पाहिल्या, गार पडलेले पाय चाचपले आणि खाटेवर टेकून विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

राजाबाईनं होकारार्थी मान हलवली.

"मग बाळाला दूध आलं होतं?"

"नाय," ती पुटपुटली. "एक थेंब नाय."

डॉक्टरांनी तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि निकालाची वाट न पाहता इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी राजाबाईनं आपणहून चहा मागितला. मल्हारराव बाहेर जाऊन रडला.

निकाल आले, तेव्हा डॉक्टरांनी तिला सोप्या शब्दांत समजावलं. "प्रत्येकाच्या मेंदूखाली हरभऱ्याएवढी गाठ असते, ग्रंथी. सगळ्या अंगावर तिचा हुकूम चालतो. तुमचं रक्त वाहून गेलं तेव्हा ती वाळली. म्हणून दूध नाही, पाळी नाही, अंगात ऊब नाही. मोठा आजार आला की शरीर एक संप्रेरक जास्त बनवतं, त्याच्या जोरावर माणूस तग धरतं. तुमच्या रक्तात ते जवळजवळ नव्हतंच. आता रोज गोळ्या घ्यायच्या, जन्मभर. बंद करायच्या नाहीत."

"म्हंजी मी आळशी नव्हते?"

"अहो, एवढी वर्षं तुम्ही कशाच्या बळावर शेण काढलंत, तेच मला कळत नाही."

गोळ्या अंगी लागत गेल्या, तसा राजाबाईच्या हातापायांत जीव आला, आणि त्याच्याबरोबर राग आला. पोर आठवायची. आळीला ऐकवलेलं ते वाक्य आठवायचं.

घरी सोडायच्या दिवशी सूर्यभान आला. सोबत बानाबाई होती. "चल," तो म्हणाला. "मेंढरं व्याल्यात. माणूस कमी पडतंय."

राजाबाई उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला अरे-तुरे केलं.

"माणूस कमी पडतंय व्हय रं? सुईणीचं घर जाळलंस तवा नाय कमी पडलं? वाटंवर झाडं टाकलीस, त्याच वाटंनं माझी गाडी माघारी फिरली. माझी लेक तुमी मारली. आन् नाव माझ्या छातीचं!"

बानाबाईनं पदर तोंडाला लावला. "आमाला काय ठावं, बाई, आजार हाय म्हनून?"

"इचारलं का कधी? म्हस म्हनत होतीस. म्हशीला तरी ढोराचा डाक्टर आनतात!"

सगळा वॉर्ड ऐकत होता. सूर्यभान खाली मान घालून म्हणाला, "लोकं ऐकत्यात."

"ऐकू दे!"

ती गेली नाही. वाळूजलाच भावाच्या शेजारी खोली घेऊन एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायला लागली. गोळी कधी चुकवली नाही. सूर्यभान आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा तिनं दार उघडलं नाही. माफ कर म्हणून भावजयीनं समजावलं, तर राजाबाई तिच्यावरच उखडली. कँटीनचा ठेकेदार तर सगळ्यांना सांगायचा, ही बाई लई तोंडाळ हाय, हिच्या वाटंला जाऊ नका. राजाबाईला ते ऐकायला फार बरं वाटायचं.