जासईत अडकलेल्या चाळीस गुंडाळ्या

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक माल अडकला की चार किस्से सुटतात! मित्रमंडळी ऐकून खो खो हसतात आणि म्हणतात, "लिही ना गं!" आता लिहायला बसले, तर हसू राहिलं बाजूला, डोकंच फिरलंय.

पनवेलच्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं आहे. परदेशातून आलेली वस्तू टॅरिफच्या, म्हणजे आयात कराच्या, जाडजूड पुस्तकात कुठल्या चॅप्टरात बसते ते शोधायचं, तसे कागद भरायचे, आणि कस्टम्सच्या साहेबांना ते पटेपर्यंत खेटे घालायचे, हे माझं काम. हे सगळे किस्से एकाच मालाचे आहेत.

माल अनघाचा. सुकापूरला तिचं छोटंसं वर्कशॉप आहे, पाच बायका मिळून खिडक्यांचे शेड, म्हणजे ऊन अडवणारे पडदे, शिवतात. तिला डोळ्यांच्या एका नव्या हॉस्पिटलची ऑर्डर मिळाली, सगळे वॉर्ड! ऑपरेशन झालेल्या पेशंटांना ऊन सोसत नाही, त्यामुळे उद्घाटनाआधी शेड लागायलाच हवेत. त्यासाठी तिने मटेरियल मागवलं. बांबूच्या बारीक काड्या पॉलिएस्टरच्या दोऱ्याने विणलेल्या, चाळीस रोल. ते जासईला कस्टम्सच्या गोदामात उतरले आणि तिथेच बसले.

* * *

आमच्या ऑफिसातले सगळ्यात सीनियर पेणकर काका. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, दोन्ही मुलं इस्रायलला, काका मात्र पनवेल सोडायला तयार नाहीत. टॅरिफ त्यांना तोंडपाठ. त्यांनी माल शेहेचाळिसाव्या चॅप्टरात टाकला, म्हणजे चटया, टोपल्या वगैरे विणलेल्या वस्तूंमध्ये.

गोदामात तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "चटई खिडकीला लावतात होय?"

काका म्हणाले, "साहेब, वस्तू कशाची आहे आणि कशी विणलीय ते बघायचं. कुठे लावणार ते नाही."

"चटई आहे ना? मग बसून दाखवा!"

मला वाटलं, गंमत करतायत. पण साहेब हाताची घडी घालून उभेच! चौसष्ट वर्षांचे काका शर्ट सावरत, गुडघा धरत खाली बसले. साहेब वाकून बघत म्हणाले, "टोचतंय का?"

काका म्हणाले, "थोडं."

साहेबांनी लिहिलं, "चटई म्हणून वापरण्यास अयोग्य." काकांना मी हात देऊन उठवलं.

* * *

मग नमुना लॅबला गेला. रिपोर्ट आला, "प्लास्टिकच्या पट्ट्यांचे विणकाम." बांबूचं नाव नाही! पाठोपाठ कस्टम्सचं पत्र, तुम्ही प्लास्टिकचा माल बांबू म्हणून दाखवलात, खुलासा करा.

मी तडक जासईला गेले. गोदामात माल उतरवणारे दामूदादा मला बघून पुढे आले.

"मॅडम, त्या नमुना घेनाऱ्या मानसानी वरचा बारदान कापलाय. आमी बोललो, तं आमालाच गप बसवला. तुमी सोता बगा ना, आतला रोल हाय तसाच हाय. कात्री लागलीच नाय."

खरंच! रोल ज्या प्लास्टिकच्या गोणपाटात गुंडाळून आला होता, त्याचाच तुकडा कापून लॅबला पाठवला होता. लॅबने इमानेइतबारे गोणपाट तपासलं. आणि खोटारडे कोण? आम्ही!

* * *

दुसरा नमुना माझ्यासमोर कापायला लावला. या वेळी रिपोर्ट बरोबर आला. बांबू, पॉलिएस्टरचा दोरा, सगळं. फक्त 'वापर' या रकान्यात लॅबने लिहिलं होतं, "सांगता येत नाही."

साहेब म्हणाले, "लॅबला सांगता येत नाही, तर मी कसं सांगू?"

मी म्हटलं, "साहेब, मी सांगते."

"तुम्ही पार्टी आहात मॅडम, तुमचं म्हणणं धरता येत नाही."

* * *

तेवढ्यात हॉस्पिटलचा अनघाला फोन आला. सोमवारपर्यंत माल हातात आला नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. या ऑर्डरच्या भरवशावर तिने पाच बायकांना वर्षभराच्या कामाचा शब्द दिला होता. त्यांतली एक मला फोनवर म्हणाली, "मॅडम, आम्ही पाची जणी जाऊन त्या साहेबांच्या दारात बसू का? चटई आम्ही घेऊन येतो!"

* * *

शेवटी पर्सनल हिअरिंग, म्हणजे समोर बसून बाजू मांडायची वेळ मिळाली, शुक्रवारी संध्याकाळी पाचला. काकांनी आधीच्याच साहेबांना फोन करून वेळ बदलून मागितली. "साहेब, सूर्य मावळायच्या आत मला घरी असावं लागतं."

"संतोषी मातेचा शुक्रवार का?"

"नाही साहेब, आमचा शब्बाथ लागतो, विश्रांतीचा वार."

"मग उरका की लवकर पूजा!"

काका फोन ठेवून मला म्हणाले, "तू जा. माझ्या देवानेसुद्धा सहा दिवस काम केलं, मग सुट्टी घेतली. यांना ती कामाआधीच लागते." काकांच्या तोंडून इतका कडक शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

* * *

तर शुक्रवारी मी आणि अनघा गेलो. हे साहेब नवे, तरुण, बोलायला गोड. केबिनला पश्चिमेची खिडकी. ऊन थेट तोंडावर, स्क्रीन दिसेना, म्हणून एका हाताने डोक्यावर फाईल धरून बसलेले.

"मॅडम, कागद वाचले. पण हे मटेरियल वापरतात कसं, काही कल्पनाच येत नाही. दाखवता?"

सप्लायरने ऑर्डरआधी पाठवलेला मोठा तुकडा अनघाने बरोबर आणला होता. ती खुर्चीवर चढली आणि दोन सुतळ्यांनी तो खिडकीच्या ग्रिलला बांधला. केबिनमध्ये एकदम गार सावली आली. साहेबांनी फाईल खाली ठेवली.

"वा! छान आहे हो!"

मी मनात म्हटलं, सुटलो. साहेब टाइप करायला लागले. मग थांबले.

"पण मॅडम, हे तर तयार शेड झालं की! लावलं आणि चाललं. म्हणजे हे मटेरियल नाहीच. तुमचा चॅप्टर चुकला. नवीन कागद भरा, पहिल्यापासून."

मी ताडकन उठले. "साहेब, ना कापलंय, ना शिवलंय, ना दांडी, ना दोरी! सुतळीने बांधलंय हो तिने, आत्ता, तुमच्यासमोर!"

"माझ्यासमोरच ना? मग? मी डोळ्यांनी पाहिलं!"

अनघा पुढे झाली. परत खुर्चीवर चढली. एक सुतळी सोडली, मग दुसरी. तुकडा गुंडाळला आणि काखेत मारला. ऊन सपकन साहेबांच्या डोळ्यांवर आलं. त्यांनी कपाळावर हात धरला.

"अहो, हे काय करताय?"

"काही नाही साहेब," अनघा म्हणाली. "नीट बघा. आता मटेरियल झालं."