खाडीला वळसा

जगात पाण्याला भिणारी माणसं पुष्कळ असतील. पण सबंध नोकरी पाटबंधारे खात्यात काढून, पाण्यावर पोट भरून, पाण्याच्या जिवावर पेन्शन खाऊन पुन्हा पाण्यालाच भिणारा माणूस ब्रह्मदेवाने एकच घडवला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या पदरात टाकला. हे आमचे दाजी. आमच्या सोलापुरात थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात आणि दाजींनी बायकोच्या भावाला ‘पाव्हणं’ म्हणायचं असतं. शुक्रवार पेठेत मी त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो, सकाळचा चहा त्यांच्याकडे घेतो, पुष्कळदा दुपारचाही घेतो, तरी मी आपला पाव्हणाच.

दाजी मूळचे सांगोल्याकडचे. त्यांच्या गावात पाऊस जावयासारखा येतो. आधी महिनाभर त्याच्या येण्याची चर्चा, मग एकदाचा आला की मानपान करून घेतो आणि मुक्काम न करता निघून जातो. लहानपण मेंढरांमागे गेलं आणि पाण्याविषयीचं सगळं तत्त्वज्ञान दाजींनी मेंढरांकडूनच उचललं. “मेंढरू पाण्यात शिरत न्हाय, पाव्हणं. येडं म्हणून न्हाय, शाणं म्हणून शिरत न्हाय.” एकदा साहेबांबरोबर धरणावर जायची पाळी आली, तेव्हा साहेब भिंतीवर उभे राहून पाण्याची पातळी बघत होते आणि दाजी जीपमध्ये धरणाकडे पाठ करून ती पातळी लिहून घेत होते. मी विचारलं, “दाजी, निदान मान वळवून बघायचं तरी!” तर म्हणाले, “पाणी फायलीत बरं असतंय. फायलीत कोण बुडल्यालं ऐकलंय का?” पाटबंधारे खात्याच्या फायलीत काय काय बुडतं हे मी त्यांना सांगणार होतो, पण चहा त्यांच्या घरचा होता.

या भीतीच्या मुळाशी एक दोन अक्षरी शब्द आहे : ‘तर’. दाजींचं कुठलंही वाक्य ‘तर?’ला जाऊन टेकल्याशिवाय पुरं होत नाही. आमच्या भाचीच्या लग्नात “गुरुजी आलेच न्हाईत तर?” म्हणून त्यांनी गुपचूप दुसरे गुरुजी सांगून ठेवले. दोघेही वेळेवर आले आणि मुहूर्तावरून त्यांचं असं जुंपलं, की नवरानवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी ते भांडण बघत उभी. नळाला पाणी यायचा दिवस असला की “पुढच्या पाळीला आलं न्हाय तर?” म्हणून घागरी, बादल्या, पातेली तर भरतातच, शिवाय थर्मास, डबे, कुकर आणि एकदा तर भाचीची लग्नातली चांदीची वाटीसुद्धा काठोकाठ भरून ठेवलेली मी पाहिली आहे. घरात साठवलेल्या पाण्याची त्यांना भीती वाटत नाही. आपलं असतं ना ते, ओळखीचं.

अशा माणसाला निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच मोठेपणाची लहर आली आणि त्यांनी चारचौघांत अक्काला विचारलं, “बोल, काय पायजे तुला?” पैठणी मागेल, फार तर बांगड्या, असा त्यांचा अंदाज. अक्काने आयुष्यात काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तिला किती मागावं याचं भान नव्हतं. ती म्हणाली, “मला समुद्रावर बोटीत बसायचंय. तुमच्या शेजारी.”

दाजींच्या गळ्यातला हार एकदम जड झाल्यासारखा दिसला. “बघू की,” एवढंच म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस ‘बघू की’वर गेल्यानंतर मीच मनावर घेतलं. दिवाळीनंतर माझी गाडी काढली. पुढे मी आणि आमच्या सौ., मागे अक्का आणि दाजी. बेत असा, की मुरुडपासून खाली कोकणचा किनारा धरून जायचं आणि वाटेत खाड्या येतील त्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडत दाभोळपलीकडे गुहागरला पोचायचं. मी प्रवास कसा करतो हे इथे सांगून टाकतो. मी गावात शिरतो, फोटो काढतो आणि गाव ओलांडतो. घरी आल्यावर फोटोत बघतो, गाव कसं होतं ते. तर या हिशेबाने मी असा झकास कार्यक्रम आखला होता, की बंदरामागून बंदरं नुसती खिडकीतून सरकत जावीत.

आगरदांड्याच्या जेटीवर बोट आली. लोखंडी फळी धाडकन खाली पडली, मोटारी चढायला लागल्या. दाजी गाडीतून उतरले, काठाशी गेले, पाण्याकडे बघितलं आणि तिकिटं देणाऱ्याला विचारलं, “तुमाला पवायला येतं का?”

“नाय ओ काका,” तो म्हणाला, “मी घाटावरचा. हितं नुसती तिकिटं फाडतो.”

संपलं. दाजींनी पिशवी अक्काच्या हातात दिली. “तुमी व्हा म्होरं. मी येष्टीनं येतो.”

“दाजी, समोर दिघी दिसतंय! रस्त्याने रोहा, माणगाव, म्हसळा असं अख्खा जिल्हा हिंडून यावं लागेल!”

“हिंडू की. जिल्हा बुडत न्हाय.”

आणि खरोखरच रिक्षा करून मुरुडच्या स्टँडकडे गेले. आम्ही बोटीत चढलो. कडेच्या बाकावर अक्का बसली आणि शेजारी तिने दाजींची पिशवी ठेवली. एक बाई आली, म्हणाली, “इथं कुणी आहे का?” अक्का म्हणाली, “हाय. येष्टीनं येतायत.” बाई पिशवीकडे, मग पाण्याकडे बघत दुसरीकडे जाऊन बसली.

दिघीला उतरलो आणि माझा कार्यक्रम तिथेच बुडाला. दाजी येईपर्यंत हलता येईना. सुरुवातीला मी जेटीवर येरझाऱ्या घालून कोकणावर रागावून घेतलं. मग राग संपला आणि वेळ मात्र पुष्कळ उरला. नाइलाजाने मी बघायला लागलो. बांबूवर सुकत घातलेले बोंबील, मचव्याला निळा रंग देणारा म्हातारा, दूर पाण्यात बसलेला जंजिरा. ऊन कलेल तसा त्याचा रंग बदलत होता. रंगवणाऱ्या म्हाताऱ्याशी अक्काची गट्टी जमली. मचव्याला सुनेचं नाव दिलं म्हणून बायको बोलत नाही, हे त्याने तिला सांगितलं. आम्हाला नुसतं “कुठले?” एवढंच विचारलं होतं.

दिवस कलल्यावर दाजी एसटीतून उतरले, ते लग्नाच्या वऱ्हाडातून उतरावेत असे. हातात केळीचा घड, खिशाला कुणीतरी लावलेलं फूल. “म्हसळ्याला सोयऱ्याकडं जेवलो.”

“म्हसळ्यात आपले सोयरे?”

“आदी नव्हतं. आता हायत.”

दुसरी खाडी बागमांडल्याची. तिथली जुनी माणसं फेरीबोटीला अजून ‘तर’ म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं आणि दाजींना तर नव्हतंच. जेटीवर सुकट विकणारी एक आजी ओरडली, “काका, तर लागलीय, चढा बिगीबिगी!”

“मला बी कवाधरनं ‘तर’च लागलीय, आज्जी,” दाजी म्हणाले.

“अवो, मग चढा ना! इचार कसला करता? तर सुटंल!”

दोघांची जरा वेळ अशीच जुगलबंदी झाली. शेवटी तिने बोटीकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे दाजींच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि पडला तोही भलतीकडेच. “पाव्हणं, ज्या बोटीचं नावच ‘तर’ हाय, तिच्यात शाण्या माणसानं बसू न्हाय.” खाडीत पुलाचे खांब उभे होते. ते बघून म्हणाले, “न्हाईतर असं करू, पूल हुस्तवर थांबू की.” आणि आंबेतच्या पुलावरून वळसा घालायला श्रीवर्धनच्या स्टँडकडे परत फिरले. अक्काने पिशवी घेतली आणि बाकावर शेजारी ठेवली. या वेळी सौ.ने विचारलं, “वन्सं, वाईट वाटतं का हो?” अक्का म्हणाली, “छे गं. पिशवी बरी हाय. घाबरत न्हाय.” आणि हसली, पण तोंड पाण्याकडे करून हसली.

पलीकडे वेसवीला पुन्हा वाट बघणं. बाणकोटच्या किल्ल्यावर चढलो, तांबड्या चिऱ्याच्या भिंतीला टेकून बसलो. खाली नदी समुद्रात शिरत होती. गोडं पाणी कुठे संपतं आणि खारं कुठे सुरू होतं, ते रंगावरून शोधत बसलो. मी, म्हणजे जो सिग्नलला हॉर्न वाजवतो तो, नुसता पाण्याचे रंग बघत बसलो होतो. तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आलं, की आपण दाजींची वाट बघत नाही आहोत, दाजी आपल्याला किनारा दाखवतायत; फक्त स्वतः तिथे हजर नाहीत. आजही मला दिघी आठवते, बाणकोट आठवतं, हर्णैचा मासळीबाजार त्या मानाने आठवत नाही, कारण तिथे खाडी नव्हती आणि दाजी गाडीतच होते. या उपकाराबद्दल मी त्यांना कधी धन्यवाद दिले नाहीत. दिले असते तर म्हणाले असते, “मग म्होरल्या वर्षी केरळ करू की. तितं लई खाड्या हायत म्हणं.”

शेवटची खाडी दाभोळची. ही ओलांडली की धोपावे, मग गुहागर आणि मग घाट चढून सोलापूर. दाजींनी सवयीने पिशवी अक्कापुढे धरली. अक्काने ती घेतली नाही.

“आज मी बी येते येष्टीनं.”

“तू कशाला? दापोली, खेड, चिपळूण, समदी वळणं. तुला येष्टी लागती.”

“लागू दे की.”

“आन वाटंत वकलीस तर?”

“तर वकीन.”

इतक्या वर्षांच्या संसारात दाजींच्या ‘तर?’ला अक्काने “काही होत नाही हो” याशिवाय दुसरं उत्तर दिलं नव्हतं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसती दमली होती. दोघं चढ चढून स्टँडकडे गेली. मी गाडी बोटीवर चढवली. बाक रिकामा होता. त्यावर पिशवीही नव्हती. आपण हा सगळा खटाटोप कशासाठी केला, असं मला वाटून गेलं. तिने काय मागितलं होतं? समुद्र नव्हता मागितला. शेजार मागितला होता.

पुढचं मला अक्काने मागाहून सांगितलं. एसटीत ती खिडकीशी बसली. बस अजून सुरूही झाली नव्हती, तरी तिने पर्समधून लिंबू काढलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. दाजी बराच वेळ त्या लिंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ऊठ.”

मला दिसलं ते एवढंच, की बोटीची फळी वर उचलायला लागली आणि उतारावरून दाजी पळत येतायत. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात अक्काचा हात. “पाव्हणं, थांबवा की ती! थांबवा!” फळी पुन्हा खाली आली. दाजींनी डोळे घट्ट मिटले आणि अक्काने देवाची मूर्ती आणावी तसं त्यांना धरून आत आणलं, बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

बोट हलली.

“काय दिसतंय?” दाजींनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

“पाणी.”

“किती?”

“लई.”

“दुसरं काय तरी सांग की.”

“मागं मशिदीचा घुमट. एक माणूस होडीत उभा राहून जाळं टाकतोय.”

“हुबा राहून? पडला तर?”

“न्हाय पडत. बगळा बसलाय त्याच्या होडीवर. तो बी भीत न्हाय.”

“आता?”

“आता डोंगर. हिरवा. खाली माड. ऊन पडलंय पाण्यावर, आपल्याकडं पत्र्यावर पडतं तसं.”

दाजी मान डोलवत होते. त्यांचा हात अक्काच्या हातात होता आणि बोटं पांढरी पडली होती. धोपाव्याची जेटी आली. बोट टेकली, फळी पडली, मोटारी भुर्र भुर्र उतरायला लागल्या. मागच्या जीपवाल्याने हॉर्न दिला म्हणून मलाही गाडी काढावी लागली. गाडी काठाला लावून मी दोघांना आणायला पळत परत गेलो.

“आलं का गं?” दाजी विचारत होते.

अक्काने जेटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

“न्हाय,” ती म्हणाली, “अजून थोडं हाय.”

मी तसाच उभा राहिलो. परतीच्या गाड्या चढल्या. फळी उचलणारा खलाशी माझ्याकडे प्रश्नार्थक बघायला लागला. मी ‘जाऊ दे’ अशी मान हलवली. तोही काय समजायचं ते समजला असावा, कारण त्याने फळी अगदी हळू उचलली. बोट वळली आणि दाभोळकडे निघाली. अक्का काहीतरी सांगत होती, हात करून दाखवत होती, आणि ज्याला दाखवत होती त्याचे डोळे मिटलेले होते. सौ. आणि मी जेटीवर बसून राहिलो. बोट लहान होत होत पलीकडे पोचली, थांबली, पुन्हा मोठी होत आली. तेव्हा कुठे दाजींनी डोळे उघडले, जमिनीवर पाय ठेवला आणि रुमालाने तोंड पुसलं.

त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. डोळे मिटले होते, कान उघडे होते. मोटारी दोनदा उतरल्या, दोनदा चढल्या. जन्मभर कचेरीत फायलींची आवक-जावक बघणाऱ्या माणसाला तेवढं कळतं. पण मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. हल्ली सकाळी चहाला कुणी आलं, की दाजी प्रवासाची हकिकत सांगतात. एसटीचं सांगतात, म्हसळ्याच्या सोयऱ्यांचं सांगतात, आणि शेवटी जरा थांबून म्हणतात, “बाकी समद्या खाड्या बारक्या. पर धोपाव्याची खाडी लई रुंद हाय बगा. संपता संपत न्हाय.”

अक्का तेव्हा आत चहा गाळत असते. ती गाळणं जरा वेळ कपावर तसंच धरून ठेवते.